तंबूतली पहिली रात्र : काय घ्यावे, काय टाळावे

- प्रतिनिधी

दिवाळी सरते, पहाटेची हवा बोचू लागते आणि मुंबई-पुण्यातील अनेक घरांत एक बेत शिजू लागतो. शनिवारी दुपारी निघायचे, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, पवनेच्या परिसरात किंवा राजमाचीच्या पठारावर तंबू ठोकायचा आणि रविवारी सूर्योदय पाहून परतायचे. गडावरच्या देवळात किंवा गुहेत पथारी पसरणे ही सह्याद्रीतील भटक्यांची जुनी रीत. तंबूचा मुक्काम मात्र बराच काळ गिर्यारोहण संस्थांच्या सभासदांपुरताच मर्यादित होता. आता मुलाबाळांसह जाणारी कुटुंबे, कचेरीतील मित्रमंडळी, एवढेच नव्हे तर निवृत्तीनंतर हा छंद जडलेली मंडळीही तंबू खरेदीसाठी दुकानाची पायरी चढू लागली आहेत. तिथे गेल्यावर मात्र रंगीबेरंगी साहित्याने डोळे दिपतात आणि नेमके काय घ्यावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

प्रस्तुत प्रतिनिधीने आपला पहिला तंबू केवळ रंग आवडला म्हणून घेतला होता. चौघांचा, एकाच कापडाचा, स्वस्त आणि झटपट उभा राहणारा. जानेवारीतील एका रात्री हरिश्चंद्रगडावर तो उभारून आम्ही दोघे त्यात झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास छतातून थेंब टपकू लागले. बाहेर डोकावले तर आकाश चांदण्यांनी भरलेले, पावसाचा मागमूस नाही. दुकानदाराने गळका तंबू गळ्यात मारला, असे म्हणत उरलेली रात्र कुडकुडत काढली. प्रत्यक्षात तंबू गळत नव्हताच. छतावरून टपकत होते ते आमच्याच श्वासातले बाष्प. दोष विक्रेत्याचा नव्हता, निवडीचा होता. त्या रात्रीने जे शिकवले आणि पुढे जाणकारांकडून जे समजले, त्याचे हे सार.

आधी तीन प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःशी निश्चित करावीत. कुठे जाणार, कोणत्या ऋतूत जाणार आणि सामान कोण वाहणार? मोटार थेट मुक्कामाच्या जागेपर्यंत जाणार असेल, तर तंबू पाच किलोचा असला तरी बिघडत नाही. त्याऐवजी उंची, ऐसपैसपणा आणि हवा खेळती राहण्याची सोय पाहावी. पाठीवर ओझे घेऊन गड चढायचा असेल, तर हिशेब उलटतो. दोघांचा साधा तंबू अडीच-तीन किलोंच्या आत असावा आणि त्याचे भाग दोघांत वाटून घ्यावेत. एकाने कापड घ्यावे, दुसऱ्याने काठ्या आणि मेखा.

नवशिक्यांनी सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावी. पावसाळ्यातील मुक्काम हा अनुभवींचा विषय आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील वाऱ्या-पावसापुढे साधा तंबू टिकत नाहीच, शिवाय उताराखालची जागा जिवावर बेतू शकते. जुलै २०१४ मधील माळीण आणि जुलै २०२३ मधील इर्शाळवाडी या दोन्ही दुर्घटनांत गावेच्या गावे डोंगराच्या पोटात गेली. तिथे तंबूची काय कथा!

पहिल्याच खेपेला सगळे विकत घेण्याचीही गरज नाही. मोठ्या शहरांत तंबू, स्लीपिंग बॅग आणि सॅक भाड्याने मिळतात. एक-दोन मुक्काम भाड्याच्या किंवा मित्राच्या साहित्यावर काढले, की आपल्याला काय हवे हे कोणत्याही विक्रेत्यापेक्षा आपल्यालाच अधिक कळते.

दोन आवरणांचा तंबू

तंबू निवडताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे त्याला दोन आवरणे आहेत का. आतला तंबू विरळ, श्वास घेणाऱ्या कापडाचा किंवा जाळीचा असतो आणि त्यावर चार बोटांचे अंतर राखून जलरोधक पडदा ताणलेला असतो. जाणकार त्याला फ्लायशीट म्हणतात. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभर बाष्प बाहेर पडत असते. एकेरी जलरोधक कापडाच्या तंबूत ते कोंडते, थंड छतावर त्याचे पाणी होते आणि पहाटे अंगावर पडते. दुहेरी तंबूत हेच बाष्प आतल्या जाळीतून निघून बाहेरच्या पडद्याला चिकटते आणि कडेने ओघळून जाते. पडदा आतल्या कापडाला टेकता कामा नये आणि हवेची झडप थंडीतही थोडी उघडी ठेवावी, हे दोन नियम पाळले की निम्मी तक्रार संपते.

दुसरी गोष्ट क्षमतेची. पिशवीवर 'दोन माणसांचा' असे लिहिलेले असते तेव्हा माणशी साधारण ६० ते ७० सेंटिमीटर रुंदी धरलेली असते, म्हणजे खांद्याला खांदा. सामानाची जागा त्यात नसते. म्हणून मोटारीने जाणाऱ्या दोघांनी तिघांचा आणि चौघांच्या कुटुंबाने पाच-सहा जणांचा तंबू पाहावा. पाठीवर नेणाऱ्यांना मात्र दोघांना दोघांचाच बरा. वजन वाचते आणि थंडीत लहान तंबू लवकर उबदार होतो. दारापुढे छोटी ओसरी असलेला तंबू मिळाला तर उत्तम. चिखलाचे बूट आणि सॅक तिथे राहतात व अंथरूण कोरडे राहते.

तिसरी गोष्ट जलरोधकतेची. लेबलवर १५००, २००० किंवा ३००० मिलिमीटर असे आकडे असतात. पावसाशी त्यांचा थेट संबंध नाही. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर किती उंचीपर्यंत ते पाणी झिरपू देत नाही, याचे ते माप आहे. हिवाळ्यातील दव आणि एखादी अवकाळी सर यांसाठी १५०० पुरेसे, तर जोराच्या पावसाची शक्यता असल्यास २००० ते ३००० हवे. तळाच्या कापडाचा आकडा वरच्या पडद्यापेक्षा अधिक असावा, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकवला की पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी अधिक दाब पडतो. मात्र आकडा कितीही मोठा असला तरी शिवणीच्या भोकांतून पाणी येतेच. म्हणून पडदा उलटा करून शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे दुकानातच पाहावे.

'डेनियर' हा शब्दही लेबलवर आढळतो. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तर धागा जाड आणि कापड दणकट, पण जड. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांत नवशिक्यांनी पॉलिएस्टर निवडावे. ते ओले झाल्यावर फारसे सैल पडत नाही आणि आपल्याकडील कडक उन्हातही तुलनेने अधिक टिकते. काठ्या फायबर ग्लासच्या असल्या तर स्वस्त पडतात, पण चिरतात. अॅल्युमिनियमच्या हलक्या, महाग आणि वाकल्या तरी बहुधा सरळ करता येणाऱ्या. कोणत्याही घेतल्या तरी मोडलेल्या काठीवर सरकवायची छोटी नळी सोबत ठेवावी.

खरी मेख इथेच आहे

परदेशी माहितीपत्रकांत तंबू नेहमी मऊ हिरवळीवर उभा असतो. आपल्याकडे गडमाथ्यावर बोटभर मातीखाली काळा कातळ आणि कोकणातील सड्यांवर जांभा दगड. तिथे मेख शिरत नाही, शिरली तर वाकते. म्हणून मेखांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबूच सह्याद्रीला मानवतो. जे तंबू केवळ मेखांच्या ताणावर उभे राहतात, ते वजनाला हलके असले तरी नवशिक्याने टाळावेत.

घुमट उभा राहिला म्हणून काम संपले नाही. कड्यावरून वर चढणारा वारा रिकामा तंबू पतंगासारखा उचलून नेतो. म्हणून सामान आत ठेवून मगच चहाला बसावे. ताणदोऱ्या प्रत्येक बाजूने बांधाव्यात आणि जिथे मेख लागत नाही तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवावा. त्यासाठी तीन-चार मीटर लांबीचे दोरीचे सहा-सात तुकडे जास्तीचे न्यावेत. तंबूसोबत येणाऱ्या दोऱ्या नेहमीच अपुऱ्या पडतात. समुद्रकिनारी वाळूत मेखा धरत नाहीत. तिथे पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून त्या पुरून टाकाव्यात. मात्र ठोकलेली मेख सैल होते म्हणून गडावरच्या तटाचा किंवा चौथऱ्याचा दगड उचलू नये. तो आपला नाही.

अंथरूण पाहून...

पाय किती पसरावेत हे अंथरूण पाहून ठरवावे, ही म्हण तंबूत शब्दशः खरी ठरते. नवशिके पांघरुणावर खर्च करतात आणि अंथरूण विसरतात. वास्तविक जमीन हवेपेक्षा वेगाने अंगातील ऊब ओढून घेते आणि झोपणाऱ्याच्या वजनाने स्लीपिंग बॅगमधील खालची भर दबून निकामी होते. म्हणून भटक्यांच्या भाषेत जिला कॅरीमॅट म्हणतात, ती फोमची गुंडाळी ही पहिली गरज. ती हलकी, स्वस्त आणि पाणी न शोषणारी असते. तिला काट्याने भोक पडले तरी काही बिघडत नाही. हवा भरायच्या गाद्या अधिक मऊ खऱ्या, पण करवंदीच्या काट्यांच्या प्रदेशात पहिल्या खरेदीसाठी त्या जोखमीच्या. गादीच्या उष्णतारोधाचे माप 'आर' या अक्षराने दर्शवितात. आकडा मोठा तेवढी ऊब अधिक. एकावर एक दोन मॅट घातल्या तर त्यांच्या आकड्यांची बेरीज होते, हे ध्यानात ठेवावे.

स्लीपिंग बॅगवर बहुधा तीन तापमाने छापलेली असतात. पहिले सुखाने झोप लागेल असे, दुसरे कशीबशी रात्र निभेल असे आणि तिसरे केवळ जीव वाचेल असे. खरेदी नेहमी पहिला आकडा पाहूनच करावी. एकच आकडा ठळक छापलेला असेल, तर तो यांपैकी कोणता, हे विचारावे. अनेकदा तो तिसराच निघतो.

आपल्याला किती थंडीची तयारी हवी? दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि हरिश्चंद्रगड १४२४ मीटरवर. पुण्यात पारा १२ अंशांवर असेल, तर गडावर पाच-सहा अंशांनी कमी धरून चालावे. त्यात वाऱ्याची भर पडते. मात्र निरभ्र, शांत रात्री थंड हवा उतारावरून खाली येऊन दरीत आणि तळ्याकाठी साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी काही हिवाळ्यांत दवबिंदू गोठतात ते याचमुळे. म्हणजे धरणाच्या काठचा मुक्काम गडापेक्षा उबदारच असेल, असे गृहीत धरू नये. पाच ते दहा अंशांत सुखाची झोप देणारी बॅग, लोकरीची टोपी, कोरडे मोजे आणि अंगात एक स्वेटर एवढी तयारी सह्याद्रीला पुरते. हिमालयासाठीची उणे अंशांची बॅग घेऊन राजमाचीला जाणे म्हणजे ओझेही आणि घामही. घामाने भिजलेले सुती कपडे झोपण्यापूर्वी बदलावेत. ओल्या कापडासारखा थंडीचा साथीदार दुसरा नाही.

शेगडी बाहेर, जीव सुरक्षित

दोन-तीन माणसांचा चहा आणि खिचडी यांसाठी गॅसची छोटी शेगडी पुरते. तिच्या डब्या दोन प्रकारच्या मिळतात. एक लांबट, आडवी बसणारी आणि दुसरी बुटकी, आट्यांची. एकाची शेगडी दुसऱ्याला बसत नाही. म्हणून शेगडी घेताना आपल्या शहरात सहज मिळणारी डबी कोणती, हे आधी पाहावे. ब्यूटेन वायू शून्य अंशाच्या आसपास वाफ होण्याचे थांबवतो. सह्याद्रीत ही अडचण सहसा येत नाही, हिमालयात येते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. शेगडी, कोळशाची सिगडी किंवा शेकोटीतील निखारे तंबूच्या आत नेऊ नयेत. मुलांना थंडी वाजते म्हणून क्षणभरही नाही. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही न होता तो बेशुद्ध होतो आणि पुन्हा उठत नाही. शिवाय तंबूचे कापड पाहता पाहता पेटते. थंडी वाजत असेल, तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून पायाशी घ्यावी. हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय.

गॅसच्या डब्या रेल्वेने किंवा विमानाने नेण्यास मनाई आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकानजीक उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात, नियम मोडून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. लोकलने कर्जत-कसाऱ्यापर्यंत जाणाऱ्यांनी गावातील घरी जेवणाची व्यवस्था करावी. पिठले-भाकरीही मिळते आणि चार पैसे गावात राहतात.

शेकोटीचा मोह आवरलेला बरा. सुकलेल्या गवताला ठिणगी पुरते आणि कड्याला आग्या मोहोळ असेल, तर धुराने डिवचलेल्या माश्या जीव नकोसा करतात.

उजेड, पाणी, सॅक

हाताने धरायच्या विजेरीपेक्षा डोक्याला बांधायची हेडटॉर्च घ्यावी. तंबू उभारताना, स्वयंपाक करताना, अंधारात उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. शे-दोनशे ल्युमेनचा उजेड पुरेसा. तांबड्या उजेडाची सोय असेल तर अधिक चांगले. त्याने सोबत्यांची झोपमोड होत नाही. माणशी एक टॉर्च आणि जास्तीचे सेल, ही वाटणी मुलांनाही लागू.

पाणी माणशी किमान तीन लिटर धरावे. गडावरील टाक्यांच्या भरवशावर जाऊ नये. थंडी सरता सरता अनेक टाकी आटतात किंवा शेवाळतात. क्लोरीनच्या गोळ्या जवळ असाव्यात, गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळून घ्यावे.

पाठीवरील सॅक एका रात्रीसाठी ४० ते ५० लिटरची पुरते. कमरेचा पट्टा रुंद आणि भरीव हवा. भार खांद्यांवर नव्हे, कमरेवर यायला हवा. दुकानात रिकामी सॅक सगळ्यांनाच हलकी वाटते. विक्रेत्याकडून सात-आठ किलोंचे सामान त्यात भरून घ्यावे आणि दहा मिनिटे पाठीवर वागवूनच निर्णय करावा.

चेन बंद ठेवा

तंबूचा सर्वांत मोठा उपयोग आपल्याकडे पाऊस-थंडीपेक्षाही वेगळा आहे. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरल्याच्या घटना घडतात. त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. तळ भिंतींना शिवलेला आणि जाळीची चेन शेवटपर्यंत बंद असलेला तंबू हे यावरचे उत्तम संरक्षण. त्यामुळे तळ वेगळा असलेला तंबू घेऊ नये आणि 'दोनच मिनिटांत येतो' म्हणून चेन उघडी टाकू नये. बूट सकाळी झटकून मगच घालावेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. २०२२ मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले. म्हणजे उपचार आहेत, प्रश्न वेळेत पोचण्याचा आहे. दंश झाल्यास चिरा देऊ नयेत, करकचून बांधू नये, अवयव स्थिर ठेवून १०८ क्रमांकाला कळवावे आणि थेट रुग्णालय गाठावे. जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच टिपून ठेवावे.

खाद्यपदार्थ तंबूत उघडे ठेवू नयेत. दिवसा माकडे आणि रात्री उंदीर त्यासाठी कापड फाडतात. घट्ट झाकणाचा डबा बरा. मे अखेरीस काजवे पाहायला जाणाऱ्यांनी वळवाच्या विजांचे भान ठेवावे. विजेपासून तंबू संरक्षण देत नाही. पक्के घर किंवा बंद मोटार हाच आसरा.

गच्चीवर सराव

नवा तंबू आधी घराच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या अंगणात उभारावा. काठ्या पुऱ्या आहेत का, चेन अडकते का, हे तिथेच कळते. नळीने पाणी मारून शिवणी तपासाव्यात. बिल सांभाळून ठेवावे, दोष आढळला तर बदलून मागता येतो.

मुक्कामाहून परतल्यावर तंबू तसाच पिशवीत कोंबू नये. दवाने ओला तंबू मुंबईच्या दमट हवेत पडून राहिला, की त्याला बुरशी येते आणि आतला जलरोधक लेप चिकट होऊन सुटू लागतो. सावलीत पूर्ण वाळवून, सैल घडी करून ठेवावा. यंत्रात धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसावा.

परवानगीचा विसरही पडू नये. हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याशी निगडित आहे. अभयारण्यात कुठे मुक्काम चालतो, कुठे नाही, हे वनखात्याच्या कार्यालयात विचारूनच बेत आखावा. गडांवरही असे निर्बंध असू शकतात. खासगी जागेत उतरणार असाल, तर मालकाची संमती घ्यावी.

थोडक्यात

- दुहेरी आवरणाचा, स्वतः उभा राहणारा, तळ शिवलेला तंबू. जास्तीच्या दोऱ्या आणि मेखा
- माणशी एक कॅरीमॅट आणि पाच ते दहा अंशांची स्लीपिंग बॅग
- टोपी, स्वेटर, झोपण्यासाठी कोरड्या कपड्यांचा जोड
- हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल
- तीन लिटर पाणी, क्लोरीनच्या गोळ्या
- प्रथमोपचाराची पेटी, शिटी, चाकू, काडेपेटी
- कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या

पैसे बेताचेच असतील, तर ते आधी कॅरीमॅट आणि स्लीपिंग बॅगवर खर्चावेत, मग हेडटॉर्चवर आणि सर्वांत शेवटी तंबूवर. तंबू भाड्याने मिळतो, झोप मिळत नाही. घडीच्या खुर्च्या, टांगते दिवे, रंगीत झालरी यांचा विचार तिसऱ्या-चौथ्या मुक्कामानंतर करावा. तोवर बहुधा त्यांची गरज नाही, हेच उमगलेले असते. हरिश्चंद्रगडावर पुढच्याच हिवाळ्यात आम्ही दुहेरी कापडाचा साधा, मातकट तंबू घेऊन पुन्हा गेलो. पहाटे जाग आली ती थेंबांनी नव्हे, कोकणकड्याकडून येणाऱ्या वाऱ्याच्या आवाजाने. अंग कोरडे होते, पाय उबदार होते आणि उठायची घाई कुणालाच नव्हती.